हवामानविषयक त्वरित उपाय आणि लोकांचा विरोध : फ्रान्सचा अनुभव

हवामानबदल रोखण्यासाठी त्वरेने पावले उचलली, की सामान्य जनता विरोध करते, असे राज्यकर्ते वारंवार सांगतात. हे विधान स्वीकारण्यापूर्वी विरोधाचे कारण शोधले पाहिजे. या दृष्टीने फ्रान्समधील दोन घटना अभ्यासनीय आहेत.

फ्रान्समध्ये इंधनावर कार्बन-कर आहे. २०१८ साली त्याचा दर टनामागे ४४.६० युरो होता; जानेवारी २०१९ पासून तो ५५ युरो होणार होता. त्याविरुद्ध १७ नोव्हेंबर २०१८ रोजी देशभर लोक रस्त्यावर उतरले. प्रत्येक मोटारीत ठेवणे कायद्याने बंधनकारक असलेले पिवळे जाकीट हीच त्यांची खूण ठरली. ज्याच्या गावाला रेल्वे वा बस नाही आणि ज्याचे कामाचे ठिकाण दूर आहे, त्याला मोटारीवाचून गत्यंतर नसते. उलट, प्रवासी विमानांचे इंधन या करातून मुक्त होते. शिवाय त्याच वर्षापासून शासनाने धनिकांवरील संपत्ती-कर रद्द करून केवळ स्थावर मालमत्तेपुरता कर ठेवला होता. ज्याला पर्याय नाही त्याच्यावर भार आणि ज्याची ऐपत आहे त्याला सूट, असे या धोरणाचे स्वरूप झाले. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये करवाढ मागे घ्यावी लागली.

तथापि, यावरून लोक पर्यावरणाविषयी उदासीन आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोडत पद्धतीने निवडलेल्या १५० नागरिकांची परिषद भरली. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन किमान ४० टक्क्यांनी कसे घटवावे, आणि तेही सामाजिक न्याय राखून, हा प्रश्न तिच्यापुढे होता. तज्ज्ञांचे विचार ऐकून व परस्परांत चर्चा करून या नागरिकांनी जून २०२० मध्ये १४९ प्रस्ताव मांडले. इंधनावरील करवाढ त्यांत नव्हती. परंतु महामार्गावरील वेगमर्यादा ताशी १३० वरून ११० किलोमीटर करावी, मोठ्या कंपन्यांच्या लाभांशावर ४ टक्के आकारणी करावी, अशा कठोर सूचना होत्या.

राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांनी हे प्रस्ताव जसेच्या तसे पुढे नेण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात उपरोक्त दोन्ही सूचना त्यांनी नाकारल्या, आणि ऑगस्ट २०२१ च्या कायद्यात इतर अनेक सूचना सौम्य झाल्या. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, शासनाने प्रस्तावांची कितपत दखल घेतली यासाठी सदस्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी १० पैकी ३.३ होती.

येथे कच खाल्ली ती नागरिकांनी नव्हे, शासनाने. लोकांना त्यागाचे वावडे नसते; विषम त्यागाचे असते. भार ऐपतीप्रमाणे वाटला जाणार असेल आणि निर्णयात त्यांना स्थान असेल, तर लोक कठोर उपायही स्वतःहून सुचवितात. म्हणून ‘जनता तयार नाही’ असे म्हणणाऱ्या राज्यकर्त्याला आधी विचारले पाहिजे : आपण कोणाकडून काय मागितले, आणि कोणाला वगळले?