माणूस टिकेल कसा? दारूखान्याच्या बाजाराचा अनुभव

माल पडून राहतो, माणूस मात्र राहत नाही, अशी तक्रार रे रोड आणि दारूखान्याच्या लोखंड-भंगाराच्या बाजारात नेहमी ऐकू येते. हाताशी आलेला गॅस कटर ईदला गावी जातो आणि परततो तो शेजारच्या गाळ्यावर. 'आजकाल माणसांत इमान राहिले नाही', असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस हे पटत नाही. याच बाजारात माणूस टिकवण्याची एक व्यवस्था पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. आपले व्यापारी बंधू तिच्याकडे फक्त लेव्हीचा खर्च म्हणून पाहतात.

ही व्यवस्था माथाडींची. पूर्वी लोखंड उतरवणारा हमाल सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, तर संध्याकाळी तिसऱ्याच्या ट्रकवर असे. मग त्याचा मालक कोण? तिन्ही गाळेवाले म्हणत, आमचा नाही. फंड नाही, रजा नाही, सळई पायावर पडली तर घरी बसायचे. अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेने यासाठी लढे दिले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. लोखंड-पोलाद बाजारासाठीची योजना १९७० ची.

योजनेचे काम सोपे आहे. व्यापारी मंडळाकडे नोंद करतो, कामगारही करतो. टोळी काम करते, मजुरीचे दर ठरलेले असतात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी यांची सोय करते. मंडळावर मालक व कामगार यांचे सारखेच प्रतिनिधी असतात, शिवाय सरकारचेही. कामगार दहा गाळे फिरला तरी त्याचे खाते एकच राहते, म्हणून तो हा बाजार सोडून जात नाही. तीन माणसांच्या दुकानदाराला एकट्याने हे सारे करणे कधीच जमले नसते.

माल न उचलता माथाडीच्या नावावर पैसे मागणारेही काही निघाले, ही तक्रार खोटी नाही. अशांची तक्रार मंडळाकडे आणि पोलिसांत करावी. पण तेवढ्यासाठी प्रामाणिक टोळीला दोष देऊ नये.

आता आपल्या पगारी माणसांकडे वळू. कटर, काट्यावरचा माणूस, मुनीम, ड्रायव्हर यांना आपण कशाने बांधतो? बहुधा उचलीने. दहा-वीस हजार देऊन ठेवले की जाणार कुठे, हा हिशेब. शेजारचा गाळेवाला ती उचल फेडतो आणि माणूस त्याच दिवशी जातो. आपले पैसे परत येतात, हात जातो. आणि हा हात साधा नाही. जुन्या टाकीत तेल किंवा वायू उरला आहे का, हे पाहिल्याशिवाय टॉर्च न लावणारा कटर तयार व्हायला वर्षे लागतात. नवख्याची चूक जिवावर बेतते. कामावर इजा झालेल्या मजुराला मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा १९२३ पासूनचा आहे.

म्हणून उचल द्यावी, पण तिची वही वेगळी ठेवावी. दर महिन्याला किती कापले, किती उरले, हे माणसाच्या हाती लिहून द्यावे. पगार ठरल्या तारखेला, बँकेत. वीसपेक्षा कमी माणसे असली तरी मालक व बहुसंख्य कामगार राजी असतील तर प्रॉव्हिडंट फंड सुरू करता येतो. तो ज्याच्या नावावर जमतो त्याला गाळा बदलण्याची घाई नसते. आमच्या मते शंभर रुपये जास्त देण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

नवा माणूस घेताना जुन्या कटरच्या ओळखीचा घ्यावा, पण ओळखीवर थांबू नये. एक पत्रा त्याच्यासमोर ठेवून कापायला सांगावा आणि चष्मा, हातमोजे तो न सांगता घालतो का, हे पाहावे. ईदच्या रजेवर जाणाऱ्याचा हिशेब गाडीच्या आदल्या दिवशी पुरा करावा, आणि परतीची तारीख त्याच वहीत दोघांच्या सहीने लिहावी.