मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता का?

अपघाताची बातमी कानावर आली की आपण लगेच "जोरात चालवत असणार" असे म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु दवाखान्यात येणाऱ्या जखमींची हकिगत नीट विचारली, तर आणखी एक कारण वारंवार पुढे येते. एक वाहन जोरात, दुसरे अगदी सावकाश, आणि दोघेही एकाच रस्त्यावर एकामागे एक. घात होतो तो या दोन वेगांतल्या फरकाने. या आठवड्यात त्याविषयी बोलू.

डहाणूहून गंजाड, रानशेत करीत चारोटीकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मोटारी, ट्रक आणि एस.टी. त्यावरून धावतात. त्याच रस्त्यावर गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर असतो, सायकलवरून कामाला जाणारा मजूर असतो, डोक्यावर ओझे घेऊन बाजाराला निघालेल्या बायका असतात, एखादी बैलगाडी आणि अलीकडे बॅटरीवरची ई-रिक्षाही असते. पुढे चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. तिथे तर वेगाला धरबंधच नाही. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला निघालेली पायी मंडळीही याच रस्त्यांच्या कडेने चालतात. रस्ता सगळ्यांचाच आहे, पण प्रत्येकाचा वेग वेगळा आहे.

दोघेही खरे बोलतात

भातकापणीच्या दिवसांत, दिवेलागणीनंतर, एका तरुणाला माझ्याकडे आणले. मोटारसायकलने तो पुढच्या ट्रॉलीवर मागून आदळला होता. मांडीचे हाड मोडलेले. पायाला फळीचा आधार देऊन, सलाइन लावून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तो कण्हत सांगत होता, "डॉक्टर, ट्रॉली दिसलीच नाही हो!" ट्रॅक्टरवाला काकुळतीने म्हणत होता, "मी माझ्या बाजूने सावकाश चाललो होतो, साहेब." दोघेही खरे बोलत होते. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, आणि वरचे भारे दोन्ही बाजूंना लोंबत होते. तो तरुण चार महिने घरी बसला. घरात मिळवणारा तो एकटाच.

थोडे गणित

हे का होते ते समजून घ्यावे. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर ते ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी तीसेक मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक मीटर लागतात. म्हणजे एकूण ६५ ते ७० मीटर. पावसात याहून बरेच जास्त.

आता मोटारीचा दिवा खाली पाडलेला असेल, तर त्याच्या उजेडात साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतचेच नीट दिसते. उभी असलेली, दिवा नसलेली ट्रॉली दिसेल तेव्हा थांबण्यापुरते अंतर उरलेलेच नसते! हाच वेग ताशी ५० असेल, तर गाडी ३५ मीटरच्या आसपास थांबते. म्हणजे उजेडाच्या आतच.

दुसरी अडचण डोळ्यांची आहे. पुढचे वाहन किती वेगाने चालले आहे, हे मागून पाहून लवकर उमगत नाही. मन असे धरून चालते की तेही आपल्याच वेगाने जात असेल. तुम्ही ८० ने जात आहात आणि पुढचे वाहन ६० ने, तर शंभर मीटरचे अंतर संपायला १८ सेकंद लागतात. पुढचा ट्रॅक्टर २० ने जात असेल, तर तेच अंतर अवघ्या ६ सेकंदांत संपते. चालकाच्या लक्षात येईस्तोवर निम्मा वेळ निघून गेलेला असतो.

परदेशांत काय केले?

अमेरिकेत शेतीची वाहने आणि मोटारी यांच्या अशा टकरी पुष्कळ होत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील ओहायो स्टेट विद्यापीठात यावर एक साधी खूण तयार झाली. वाहनाच्या पाठीवर चमकदार नारिंगी त्रिकोण, त्याला प्रकाशात उजळणारी तांबडी कड. तो दिसला की समजायचे, पुढचे वाहन संथ आहे, वेग कमी करा.

मैदानांवर आणि मोठ्या रिसॉर्टांत फिरणाऱ्या गोल्फ कार्ट या उघड्या गाड्या आपण पाहिल्या असतील. अमेरिकेत निवृत्त मंडळी त्या बाजारहाटासाठी रस्त्यावर आणू लागली. मैदानावर निरुपद्रवी असलेली ही गाडी मोटारींच्या मध्ये आली की धोक्याची ठरते. म्हणून १९९८ साली तिथे नियम झाला, की ताशी ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या अशा गाड्यांना दिवे, रिफ्लेक्टर, आरसे आणि पट्टे हवेतच.

आपल्या ई-रिक्षेची गोष्ट वेगळी नाही. तिची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे. माथेरानमध्ये २०२२ पासून ई-रिक्षा आल्या, पण तिथे मोटारींना बंदी असल्याने मागून भरधाव मोटार येण्याची भीती नाही. आपल्या रस्त्यावर ती भीती रोजची आहे.

सावकाश जाणाऱ्यांनी काय करावे?

१) ट्रॉली, बैलगाडी, ई-रिक्षा, सायकल यांच्या मागे तांबडे रिफ्लेक्टर किंवा चमकणारी पट्टी लावावी. भारे लादल्यावर ती झाकली जात नाही ना, हे मागे जाऊन पाहावे. वरून चिखल बसला असेल तर फडक्याने पुसावी.
२) वाहन बंद पडले तर ते डांबरी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्यावे. नुसता दगड किंवा झाडाची फांदी ठेवून भागत नाही. रात्री ती दिसत नाही, आणि नंतर तिथेच राहून दुसऱ्याचा जीव घेते.
३) पायी चालताना पदपथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. अंधारात अंगावर फिकट रंगाचे कापड व हातात बॅटरी असावी. मुलांना आपल्या आतल्या बाजूला ठेवावे.
४) वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात दाखवावा आणि मगच वळावे.

वेगाने जाणाऱ्यांनी काय करावे?

१) रात्री आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा.
२) संथ वाहन दिसले की आधी वेग कमी करावा, ओलांडण्याचा विचार नंतर करावा. वळणावर, पुलावर, चढावर ओलांडू नये. सायकलस्वाराच्या बाजूला हात-दीड हात नव्हे, चांगले दीड मीटर अंतर सोडावे.
३) गावातून जाताना वेग उतरवावा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला तर धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. म्हणजे वाढ पंधरा किलोमीटरची, आणि जाणारा जीव दुसऱ्याचा.
४) पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी दगावले. त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता.

सर्दीच्या व खाजेच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन गाडी किंवा ट्रॅक्टर चालवू नये. दारू किंवा ताडी घेऊन तर मुळीच नाही. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू पिकू लागला की समोरच्या दिव्याने डोळे दिपतात आणि कडेचा माणूस दिसत नाही.

अपघात झालाच तर

प्रथम १०८ वर फोन करावा. जखमीचे हातपाय धरून त्याला उचलू नये, मान वाकडी होऊ देऊ नये. आग किंवा पुन्हा धडकेची भीती नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. हळद, माती, चहाची पूड काही भरू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, चहा प्यायला, म्हणजे सुटला असे समजू नका. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल तर काही तासांनी उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बडबड, झोपाळूपणा सुरू होतो. "दमलाय, झोपू दे" म्हणून त्याला निजवून ठेवणारे घर मी पाहिले आहे. अशा रुग्णाला निदान २४ तास कोणीतरी जागते राहून पाहावे, आणि यातले एकही लक्षण दिसताच थेट रुग्णालय गाठावे.

पोलिसांच्या भीतीने मदत टाळू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आले. नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. पैशांची जुळवाजुळव करण्यात पहिला मोलाचा तास घालवू नये.

वाचकहो, २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. एवढ्या आजाराची लस असती तर आपण रांगा लावल्या असत्या. ती चमकणारी पट्टी काही रुपयांत मिळते. आज संध्याकाळी घरातला ट्रॅक्टर, सायकल, रिक्षा जे असेल ते अंगणात उभे करा, वीस पावले मागे जा आणि त्यावर बॅटरी मारा. काही चमकले नाही, तर उद्या सकाळचे पहिले काम तेच.