झोपाळ्यावरून ताटाकडे
(लेखांक पाचवा)

मागच्या आठवड्यात ऑटिझमच्या निदानाबद्दल बोललो. निदान झालं की डॉक्टर बहुधा ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सुचवतात. कॉटन ग्रीन, काळाचौकीच्या पालकांसाठी हे काही परकं शास्त्र नाही. भारतात ते रुजलं तेच शेजारी, परळच्या केईएम रुग्णालयात. जन्मानं अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली तिथं देशातली पहिली ओटीची शाळा काढली.

त्यातली सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे संवेदनांची सांगड घालण्याची, मांडणी कॅलिफोर्नियाच्या थेरपिस्ट जीन एअर्स यांची. त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं. पाच ज्ञानेंद्रियांखेरीज आणखी दोन संवेदनांवर त्यांचा भर होता: आतल्या कानातून कळणारा तोल आणि स्नायू-सांध्यांतून मिळणारा आपल्याच शरीराचा अंदाज. ही सगळी माहिती मेंदूत नीट जुळली नाही, तर लालबागच्या मिरवणुकीत एक मूल कान दाबून खाली बसतं आणि दुसरं थेट ताशाला जाऊन भिडतं. नखं कापताना आकांत मांडणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो. त्याला खरोखर सोसत नसतं हो!

थेरपीच्या खोलीत मूल टांगलेल्या फळीवर पालथं झोपतं, हातांनी जमीन ढकलत झुलतं, खालची रिंग उचलून खुंटीला अडकवतं. बाहेर बसलेल्या आईला वाटतं, झोपाळ्याचे एवढे पैसे? पण त्या मिनिटभरात मान-पाठ ताठ राहते, तळव्यांवर भार येतो, नजर खुंटीवर ठरते. चांगला थेरपिस्ट मुलाच्या कलानं घेतो आणि अवघडपणा जरा जराच वाढवतो.

याचा उपयोग किती? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच सांगितलं, की पुरावा तोकडा आहे आणि पालकांना तसं स्पष्ट सांगावं. २०१४ च्या एका छोट्या, ३२ मुलांच्या चाचणीत प्रत्येक मुलासाठी ठरवलेल्या उद्दिष्टांत चांगली प्रगती दिसली. १३८ मुलांच्या ब्रिटिश चाचणीत (२०२२) मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फायदा आढळला नाही.

म्हणून माझं म्हणणं, ‘संवेदना सुधारतील’ एवढ्यावर महिनोन्‌महिने फी भरू नका. पहिल्याच भेटीत घरातली नेमकी गोष्ट ठरवा. वरणभात स्वतः कालवून खाणं, न्हाव्याकडे दहा मिनिटं बसणं, हार्बरच्या गाडीत तीन स्टेशनं जाणं. वहीत तारीख घाला. तीन महिन्यांनी काहीच हललं नसेल, तर पद्धत बदलायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. स्नायू-सांध्यांवर भार यावा म्हणून महागडं वजनदार जॅकेट घेण्याआधी थेरपिस्टला विचारून घरची कामं करून पाहा: कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, अर्धी बादली उचलून नेणं. सेशन आठवड्यातून दोनदाच, ही कामं मात्र रोज होतात, आणि ताटही घरातच वाढलं जातं.

पुढच्या आठवड्यात: बोलणं उशिरा येतं तेव्हा.