शेती अर्थसाहाय्य, अमेरिकेच्या काउंट्यांतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघ सरकारतर्फे शेतकऱ्यांना मिळणारे रोख साहाय्य. रकमा वॉशिंग्टनला मंजूर होत असल्या, तरी कोणत्या शेताचे किती एकर हिशेबात धरावयाचे, एकरी उत्पादन किती मानावयाचे आणि रक्कम कोणाच्या नावे काढावयाची, हे काउंटी ह्या राज्यांतर्गत प्रशासकीय विभागाच्या पातळीवर ठरत आले आहे. त्यासाठी प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडलेली समिती असते.

ह्या पद्धतीचा पाया महामंदीच्या काळात, १९३३ च्या कृषि-समायोजन अधिनियमाने घातला गेला. लागवड घटवून भाव वाढविणे व घटविलेल्या क्षेत्राबद्दल भरपाई देणे, हे त्याचे सूत्र होते. त्या वर्षी सु. १ कोटी एकरांवरील उभी कपाशी नांगरून टाकण्यात आली. भरपाई कसणाऱ्याची की जमिनीच्या मालकाची, हा प्रश्न मात्र लगेच उद्‌भवला. १९३४–३५ च्या कापूस करारानुसार पडीक ठेवलेल्या जमिनीच्या खंडापोटी पाउंडास ३·५ सेंट मिळत, ते अर्धेलीच्या जमिनीवर सर्वस्वी मालकाचे असत. त्याखेरीज पाउंडास १ सेंट मिळे. त्यातील निम्मा अर्धेलीने कसणाऱ्या कुळाचा असे. कुळांची संख्या ‘शक्य तितपत’ कायम ठेवावी, असे करारात म्हटले होते. परंतु पडीक जमिनीस कुळाची गरज उरत नव्हती. आर्‌कॅन्सॉ राज्याच्या पॉइनसेट काउंटीतील टायरोन्झा येथे जुलै १९३४ मध्ये कृष्णवर्णीय व गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही संघटना स्थापिली, ती ह्याच कारणाने. करारातील कलमाचा अर्थ तीच कुळे ठेवणे असा आहे, असे मत देणारे कायदा-विभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक ह्यांना फेब्रुवारी १९३५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. कापूसपट्ट्यातील समित्यांवर मालकांचेच वर्चस्व असल्याने स्थानिक तक्रारींचे काय होत असे, हे सहज समजण्यासारखे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये मूळ योजना अवैध ठरविली. १९३८ च्या अधिनियमाने तिला नवे रूप दिले. १९७० मध्ये प्रथमच दर व्यक्तीस एका पिकामागे ५५,००० डॉलरची मर्यादा आली. त्याबरोबर एकच शेत कागदोपत्री नातलगांत विभागण्याची युक्तीही रूढ झाली. जमीन १० ते १५ वर्षे पडीक ठेवण्याच्या १९८५ च्या संधारण योजनेत सामान्यतः काउंटीच्या पिकाऊ जमिनीपैकी शेकडा २५ हून अधिक जमीन घेता येत नसे. कारण शेते ओस पडली, की बीबियाणे व खते विकणारी गावेही ओस पडतात.

२०१४ च्या अधिनियमातील एका पर्यायात काउंटीचे सरासरी एकरी उत्पन्न आधारभूत उत्पन्नाच्या शेकडा ८६ खाली गेल्यास रक्कम देय होई. २०२५ मध्ये हे प्रमाण शेकडा ९० करण्यात आले. येथे एकट्या शेताची हानी विचारात येत नाही. गारपिटीत सापडलेल्या शेतकऱ्यास, शेजाऱ्यांचे पीक चांगले आल्यास, ह्या पर्यायातून काहीच मिळत नाही. त्याला पीकविम्याचाच आधार असतो. रोख खंडाने कसणाऱ्यास साहाय्य स्वतःच्या नावे मिळते. तथापि पुढील करारात खंड वाढवून मालक त्यातील काही भाग परत घेऊ शकतो.