संबोधन आणि व्यक्तित्व : स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासाचा भाषिक विचार

वार्धक्यात बुद्धीचा ऱ्हास झालेल्या माणसाविषयी मराठीत पूर्वापार दोन प्रयोग रूढ आहेत : ‘म्हातारचळ’ आणि ‘साठी बुद्धी नाठी’. दोहोंतही व्याधीची गणना वयोधर्मात केलेली दिसते. ‘स्मृतिभ्रंश’ ही संज्ञा व्याधीला व्याधी म्हणून ओळखते, हा तिचा विशेष होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना ही व्याधी आहे. घरातील माणसे नोकरीनिमित्त विखुरली असता त्यांनी राहावे कोठे, आणि राहावे कसे, असे दोन प्रश्न यातून उद्भवतात. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा प्रश्न हा आहे.

या प्रश्नाचा मूलगामी ऊहापोह इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे टॉम किटवुड यांनी केला. त्यांचा प्रमुख ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला. व्यक्तित्व हे केवळ मेंदूत वसत नसून इतरांनी संबंधाच्या द्वारा दिलेले ते स्थान आहे, असे त्यांचे प्रतिपादन. रुग्णाला बालकासारखे वागविणे, त्याच्यादेखत तो नसल्यासारखे बोलणे, या गोष्टी मेंदूच्या विकाराइतक्याच घातक ठरतात, असे ते दाखवून देतात.

या विचाराशी जुळणाऱ्या निवासाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ साली खुली झालेली ‘द होगवेक’ ही वसाहत. रुग्णालयातील लांबलचक दालनांऐवजी तेथे लहान घरे आहेत. एकेका घरात सहा-सात माणसे एकत्र राहतात. दुकान, उपाहारगृह व रस्ते वसाहतीतच आहेत. समान जीवनपद्धतीची माणसे एका घरात ठेवण्यावर तेथे प्रारंभापासून भर आहे. महाराष्ट्रातही मुंबई-पुण्याच्या परिसरात अशा रुग्णांसाठी निवासी केंद्रे निघाली आहेत.

परंतु घराची रचना आणता येते, तशी भाषा बाहेरून आणता येत नाही. अल्झायमरच्या विकारात वस्तूंची नावे लवकर आठवेनाशी होतात. अभिवादनाचे व शिष्टाचाराचे उद्गार मात्र पुष्कळदा दीर्घकाळ टिकतात. म्हणजे ‘पेला’ हा शब्द हरपलेल्या माणसालाही आपल्याला कोणी कसे संबोधिले, हे जाणवू शकते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टीन विल्यम्स प्रभृतींच्या अभ्यासात, परिचारिका लहान मुलाशी बोलावे तसे बोलल्या असता रुग्णांनी शुश्रूषेला विरोध करण्याची संभाव्यता ०.५५, तर प्रौढाशी बोलावे तसे बोलल्यास ०.२६ आढळली.

मराठीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. सर्वांना ‘तुम्ही’ म्हणावे, हा नियम वरकरणी पुरेसा वाटतो. पण आईला मुलगा ‘तू’ म्हणतो व त्यात अनादर नसतो. तेच ‘तू’ अनोळखी सेविकेच्या तोंडी आले, की बोचते. उलट, सदैव ‘अगं’ ऐकलेल्या वृद्धेला सर्वांच्याच तोंडून ‘अहो’ ऐकून परकेपणाही वाटू शकेल. सरसकट ‘आजी’ म्हणण्यातही हाच दोष आहे. जन्मभर ‘बाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शिक्षिकेचे, किंवा जिला मूलबाळ नाही अशा स्त्रीचे, त्या एका शब्दाने काय होते, याचा विचार क्वचितच होतो.

यात बोलीभेदाची भर पडते. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांचा अभ्यास मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात केला. एकाच गावात ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘होतं’ आणि ‘व्हतं’ शेजारी नांदतात. ‘व्हतं’ म्हणणाऱ्याला प्रत्येक वेळी ‘होतं’ असे दुरुस्त करून ऐकविणे, म्हणजे त्याच्या उरलेल्या आधारांपैकी एक काढून घेणे होय.

यावरून एक व्यवहार्य सूचना निघते. निवासात प्रवेश देताना औषधे व रक्तदाब यांची नोंद होते. त्याच पत्रकात या माणसाला घरी व गावात काय म्हणत, ‘तू’ कोण म्हणे, ‘तुम्ही’ कोण म्हणे, आणि त्याची घरची बोली कोणती, हेही लिहिले जावे. ही माहिती देणारा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार तो स्वतःच असतो. म्हणून ती नोंद व्याधीच्या आरंभीच, तो सांगू शकतो तोवर, झाली पाहिजे. आपल्या विषयाचे अभ्यासक या कामी निश्चित उपयोगी पडू शकतील.