शिक्षणातही आजारपणाची रजा असते

एके रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "सिस्टर, बीपी बघता का?" म्हणाली. बीपी चांगलं होतं. पण दंडाचा पट्टा काढला तरी ती उठेना. मग हळूहळू बोलू लागली. एमबीएचं पहिलं वर्ष. दीड महिन्यापासून रात्री तीनला जाग येते, जेवण जात नाही, वर्गातलं काही डोक्यात शिरत नाही. रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघते, ठाण्याला उतरते, दिवसभर तलावपाळीला बसून राहते आणि संध्याकाळी घरी येते. कॉलेजला जाऊन तीन आठवडे झाले होते. घरात कुणाला पत्ता नाही. "बाबांनी सगळ्या वस्तीला सांगितलंय, पोरगी एमबीए करतेय म्हणून. आता काय सांगू?" (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिच्या परवानगीने मी तिच्या घरी गेले. वडिलांची उभी हयात लूमवर गेली. ते रागावले नाहीत, पण एकच वाक्य बोलले, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत होते, आणि हिला दोन वर्षं होत नाहीत?"

हे वाक्य आपल्या अनेक घरांत बोललं जातं. म्हणून त्यांना मी जे सांगितलं ते इथे लिहिते.

बाबासाहेबांनाही शिक्षण मध्येच थांबवावं लागलं होतं

१९१६ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. वर्ष होतं न होतं तोच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अर्धवट अभ्यास टाकून भारतात परतावं लागलं. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करता येईल.

मधल्या काळात बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये, म्हणजे मुदत संपायच्या आत, ते लंडनला परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

त्यांची अडचण पैशाची होती, या मुलीची तब्येतीची आहे. पण थांबण्याची रीत तीच. थांबताना परत येण्याची परवानगी हातात घ्यायची.

तीन वाटा

पहिली वाट रजेची. प्रवेश कायम ठेवून एक सत्र किंवा एक वर्ष थांबायचं. मुलं याला 'ड्रॉप घेणं' म्हणतात. दुसरी वाट प्रवेश रद्द करण्याची. कोर्स आपला नाही हे नक्की झालं असेल तर हीसुद्धा योग्य वाट आहे, त्यात लाज नाही. तिसरी वाट म्हणजे कुणाला न सांगता जाणं बंद करणं. आपली मुलं बहुतेक वेळा हीच वाट धरतात आणि नुकसान सगळ्यात जास्त हिच्यातच होतं. हजेरी कमी पडते, परीक्षेला बसता येत नाही, शिष्यवृत्ती अडकते, बँकेचं पत्र थेट घरी येतं, आणि खोटं बोलण्याच्या ओझ्याने आजार वाढतो.

आधी तब्येत, मग निर्णय

परीक्षेआधी चार दिवस झोप न येणं म्हणजे आजार नव्हे. पण उदासपणा, कशातच मन न लागणं, झोप आणि भूक बिघडणं, सतत थकवा हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, कारण पंडुरोग किंवा थायरॉईडच्या त्रासातही असाच थकवा आणि मंदपणा येतो. उदासीनतेच्या आजारावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. म्हणून मोठा निर्णय अगदी वाईट आठवड्यात घेऊ नका. आधी उपचार सुरू करा.

टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. काही आठवड्यांत डॉक्टर कॉलेजला जायची परवानगी देऊ शकतात, म्हणजे टीबी झाला की वर्ष गेलंच असं नाही. गरोदर आणि बाळंत विद्यार्थिनींना रजा व हजेरीत सवलत देण्यासाठी नियम करावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्येच विद्यापीठांना कळवलं आहे.

जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी घरच्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथून पुढे कुठे जायचं ते कळेल. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे.

अर्ज कसा करायचा

अर्ज संचालक किंवा प्राचार्यांच्या नावे, एक प्रत परीक्षा विभागाला. त्यात नाव, पीआरएन नंबर, सत्र, कोणत्या तारखेपासून रजा हवी आणि परत कोणत्या सत्रात यायचं आहे हे लिहा. कारण "वैद्यकीय" एवढं लिहिलं तरी चालतं. सोबत नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क आहे. प्रमाणपत्रावर किती तपशील लिहायचा ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. रजा मंजूर झाल्याचं पत्रही मागा. आणि हे चार प्रश्न तिथेच विचारा : परत आल्यावर कोणत्या सत्रात बसवणार? अभ्यासक्रम बदलला तर काय? भरलेली फी पुढे धरणार का? कोर्स पुरा करायची शेवटची मुदत कोणती? अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे नेहमीच्या मुदतीपेक्षा दोन वर्षं जास्त देता येतात, अपवाद म्हणून आणखी एक. म्हणजे दोन वर्षांच्या कोर्सला साधारण चार वर्षं. तुमच्या विद्यापीठाचा नियम लेखी विचारून घ्या.

पैशाचं काय

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची भारत सरकार शिष्यवृत्ती दरवर्षी महाडीबीटीवर नूतनीकरण करावी लागते. ज्या वर्षाचे पैसे घेतले त्याच वर्षात शिक्षण सोडलं तर रक्कम परत मागितली जाऊ शकते. म्हणून रजेचा अर्ज देण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आणि ठाण्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्त कार्यालयात विचारा. वैद्यकीय कागद जपून ठेवा, खंड का पडला हे पुढे दाखवावं लागतं.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा आणि हप्ते सुरू होण्याची मुदत वाढवून मागा. बँकेला न सांगता कोर्स सुटला तर हप्ते लवकर सुरू होऊ शकतात.

प्रवेश रद्दच करायचा असेल तर एआयसीटीईचे नियम लक्षात ठेवा. वर्ग सुरू होण्याआधी रद्द केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. नंतर सोडलं आणि ती जागा प्रवेशाच्या मुदतीत दुसऱ्याने भरली, तर प्रमाणात कपात करून फी परत मिळते. जागा रिकामी राहिली तर अनामत रक्कम आणि मूळ कागदपत्रं मिळतात. पुढच्या वर्षाची फी भरा, नाहीतर दाखले देणार नाही, असं कोणतीही संस्था म्हणू शकत नाही. कुणी म्हणालं तर लेखी द्या म्हणावं, आणि एआयसीटीईकडे तक्रार करावी.

घरच्यांसाठी

त्या मुलीचे वडील माझं बोलणं ऐकून बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर." दोघं कॉलेजला गेले, अर्ज दिला, पोच घेतली. एक वर्षाची रजा मंजूर झाली. उपचार चालू आहेत, झोप सुधारली आहे. आता ती सकाळी शेजारच्या मुलांची शिकवणी घेते. पुढच्या वर्षी ती परत जाईल की वेगळं काही शिकेल, हे तिने अजून ठरवलेलं नाही. वडीलही विचारत नाहीत. मंजुरीचं पत्र मात्र त्यांनी रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहे.

तुमच्या घरातलं मूल डबा घेऊन निघतं आणि न बोलता परत येतं असं वाटलं, तर मार्क विचारू नका. झोप लागते का, एवढं विचारा. पुढचं ते स्वतः सांगेल. नाहीच सांगितलं तर रविवारी विहारात घेऊन या, बीपी तपासायला म्हणून.

जय भीम.