अमिरातीत नोकरी : आधी नियुक्तिपत्र, मग विमान



पदवी मिळताच मी दुबईस गेलो, तो भेटीच्या व्हिसावर. "नोकरी तेथे गेल्यावर मिळेल," असे एजंट म्हणाला होता. आईच्या बांगड्या मोडल्या आणि दोन महिन्यांनी मी रिकाम्या हाताने परतलो. म्हणून तरुणांना हे सांगत आहे.

मार्ग मुख्यतः दोन. पहिला, येथूनच मुलाखत देऊन नियुक्तिपत्र मिळवावे; कामाचा परवाना मालकच काढतो. दुसरा, नोकरी शोधण्याचा 60, 90 किंवा 120 दिवसांचा व्हिसा. त्यास तेथील मालकाची हमी लागत नाही. मात्र तो शोधापुरताच असतो आणि नवपदवीधरास त्यासाठी जगातील पहिल्या 500 विद्यापीठांतील पदवी लागते. भेटीच्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे.

पदवीपत्रावर महाराष्ट्र शासन, भारताचे परराष्ट्र मंत्रालय व अमिरातीचा दूतावास अशा क्रमाने साक्षांकन करून घ्यावे. तेथील 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, त्याचा पासपोर्टही मालकास अडकवून ठेवता येत नाही.

राहिला शब्बाथ. 2022 पासून तेथील केंद्रीय सरकारी कचेऱ्या शनिवारी व रविवारी बंद असतात. खाजगी कंपन्यांत मात्र करार पाहावा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या नातवंडांनी सही करण्यापूर्वी शनिवारची सुटी करारात लिहून घ्यावी.

शालोम.